सेलो, सेला, सेलू

इर्शाद पठाण, वेल्डर. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये सहा वर्षं,
आता रियेकाच्या गोदीत जायचंय, करार आलाय दोन पानांचा.
एजंटानं दिलेली पुस्तिका घेऊन तो माझ्या ओट्यावर बसला:
"सर, तुम्ही जन्मभर व्याकरणच शिकवलं की.
हे क्रोएशियन तेवढं सांगा."
जणू व्याकरण म्हणजे पाना,
कुठल्याही नटाला बसणारा.

दोबार, दोब्रा, दोब्रो.
"हे तर आपलंच. चांगला, चांगली, चांगलं."
खरंय. पण आपल्याकडे गरीब आहे, कडू आहे, लहान आहे,
ही माणसं कुणापुढे वाकत नाहीत.
गरीब बाप, गरीब आई, गरीब लेकरू:
गरीब तो गरीबच.
तिकडे गरिबालाही सुटका नाही.
नवरीनं शालू बदलला की करवलीनंही बदलायचा,
तसं नामामागं विशेषण,
लिंगात, वचनात, साती विभक्तींत.

"हे नोव अन् हे नोवी, दोन्ही नवाच. मग दोन कामून?"
मी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
नोव म्हणजे कुणी एक नवा.
नोवी म्हणजे तो नवा, ज्याचं बोलणं आधी झालंय.
"म्हणजे पहिल्या दिवशी मी नोव, दुसऱ्या दिवशी नोवी.
अन् जुना कधी होणार, सर?"
ते पुस्तिकेत नव्हतं.
स्त्रानी होता, परका. त्याचं एकच रूप दिलेलं,
शेवटी ई लावलेलं, ओळखीच्यांचं.
परक्याची ओळख करून द्यावी लागत नाही, असं काही असेल.

जिनिंगचा भोंगा झाला. बायकोनं चहा आणला.
वीदिम नोवी कामियोन, मी नवा ट्रक पाहतो.
वीदिम नोवोग राद्निका, मी नव्या कामगाराला पाहतो.
"ट्रकला नोवी, माणसाला नोवोग," मी म्हणालो,
"जीव आहे का ते बघून शेपूट लावतात.
आपणही ट्रक पाहतो, पण माणसाला पाहतो."
तो कपातली साय बोटानं काढत राहिला.
"मिलमध्ये मुकादम म्हणायचा, सोळा नग पाठव."
मग म्हणाला, "अन् मेलेल्या माणसाला?"
मी पानं उलटली. मर्त्वोग चोव्येका.
मेला तरी ओग राहतो, जिवंतासारखा.
"आमचा परमेश्वर सोनकांबळे गेला ना भट्टीपाशी,"
एवढंच बोलला, आणि वहीत ते रूप
दोनदा लिहिलं.

शेवटच्या आठवड्यात गाव आलं.
सेलो म्हणजे गाव. नपुंसकलिंगी, आपल्यासारखंच.
मालो सेलो, लहान गाव.
इझ मालोग सेला, लहान गावातून.
ऊ मालोम सेलू,
इथं आम्ही दोघंही थांबलो.
"सर, हे तर आपलंच सेलू!"
तो इतका हसला की शेजारचं कुत्रं भुंकलं.
मी तक्ता नीट पाहिला, बोट ठेवून.
गावात कुणी असेल तर सेलू.
गावाला काही द्यायचं असेल तरीही सेलू.
गावातून निघालं की सेला,
आणि मालोम मागोमाग मालोग होतो.
आपलं लहान मात्र असतं तिथंच:
लहान गावात, लहान गावाला, लहान गावातून.
मी हे त्याला सांगितलं नाही. परीक्षेला येणारं नव्हतं.

निघायच्या आदल्या रात्री लाईट गेलेली.
मोबाइलच्या उजेडात त्यानं पाठ म्हणून दाखवला,
नाव, वय, काम, आणि छाती काढून:
"या साम इझ मालोम सेलू."
"सेला," मी म्हणालो. "इझ आलं की सेला. मालोग सेला."
तीस वर्षांची खोड, तोंडातून निघून गेलं.
"राहू द्या की सर, तेवढं एक."
"हसतील तिथं."
त्यानं मान हलवली. बरोबर म्हणाला, दोनदा.
मग गाडीला किक मारली,
आणि वही माझ्या ओट्यावरच राहिली.